बाबांचा चष्मा, आईचा चष्मा

कोथरूड, पुणे

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण बाबा, तुम्ही दुसऱ्या वाक्याला "बरं, आईशी बोल" म्हणता, आई "जेवलीस का" विचारते आणि विषय तिथेच मिटतो. म्हणून पत्र. मी पीएच.डी.चा अर्ज मागे घेतलाय आणि कॉलेजातल्या जागेलाही नकार कळवलाय. वस्तीत काम करणाऱ्या आमच्या संस्थेतच राहणार आहे. ठरलंय, सहीसुद्धा झालीय, तेव्हा आत्याला मध्ये घालू नका.

आधी तुमच्या काळजीचं. पगार आहे तोच राहील, पीएफ चालू आहे, मेडिक्लेममध्ये तुमची दोघांची नावं आहेत. डब्याच्या पोळ्या मऊ असतात, आई. आमटीत गूळ नसतो, तेवढं सोसते. आणि बाबा, दारावरची 'डॉ.' अशी पाटी तुम्ही मनातल्या मनात केव्हाच लावून ठेवलीत हे मला माहीत आहे. ती जागा कुठे पळत नाही. आत्ता नको, इतकंच.

नवं काम असं. संशोधन वाचायचं, चाळायचं आणि आमच्या वस्तीतल्या ताया, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्या, रोज जे करतात त्यात ते उतरवायचं. ताया म्हणतात, पेपर, म्हणजे शोधनिबंध, लिहिणाऱ्यांना वस्ती कळत नाही. पेपरवाले म्हणतात, तुमच्याकडे पुरावा कुठाय. दोघांचंही अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं बघायला कुणीतरी लागतं. कॉलेजात राहून ते होत नाही. तिथे लिहिलं की काम संपतं.

दिवाळीत तुम्ही विचारलंत, "माणसाला मदत करायला पुरावा कशाला लागतो?" मी तेव्हा चकली खात राहिले. आता उत्तर देते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली ५०६ मुलं घेऊन एक प्रयोग सुरू झाला, केंब्रिज-सॉमरव्हिल अभ्यास. वय, घर, स्वभाव सारखे असलेल्या मुलांच्या जोड्या लावल्या आणि नाणं उडवून ठरवलं, जोडीतल्या कुणाला मदत मिळणार. त्याला वर्षानुवर्षं समुपदेशक, घरभेटी, शिकवणी, उन्हाळी शिबिरं. दुसऱ्याला काही नाही. ३० वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने त्यांना शोधून काढलं आणि १९७८ मध्ये निष्कर्ष छापले. मदत मिळालेल्यांपैकी बरेच जण म्हणत होते की आमचं भलं झालं. नोंदी उलटंच सांगत होत्या. पुन्हा गुन्हा करणं, दारूचं व्यसन, गंभीर मानसिक आजार, लवकर मृत्यू, हे सगळं मदत मिळालेल्या गटातच जास्त. आमच्या क्षेत्रात "लाभार्थी समाधानी आहेत" हे वाक्य प्रत्येक अहवालात असतं. ते वाचलं की मला ही ५०६ मुलं आठवतात.

यातलं शहाणपण बहुतेक वेळा काय करू नये याचंच असतं. वस्तीत आग लागली की लोकांना गोल बसवून "काय झालं ते सगळं सांगा, मन मोकळं करा" असं एकाच बैठकीत करून घ्यायची पद्धत होती. हेतू चांगलाच. पण ब्रिटनमध्ये १९९७ साली भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत, अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्के लोकांना १३ महिन्यांनी आघातानंतरचा मानसिक विकार होता आणि न झालेल्यांपैकी ९ टक्क्यांना. आता इथेच थांबून नाचायचं नसतं. पेपर पुढे वाचला की कळतं, बैठकवाल्या गटातले रुग्ण मुळातच जास्त भाजलेले होते. म्हणजे तो आकडा एकट्याने काही सिद्ध करत नाही. पण अशा बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या तेव्हा एका बैठकीचा फायदा काही दिसला नाही, आणि काही ठिकाणी तोटा दिसला. म्हणून आता कुणाला बोलतं करायचं नाही. पाणी, पांघरूण, जळालेल्या रेशनकार्डाचा अर्ज, नातेवाइकांना फोन. ज्याला बोलायचंय त्याचं ऐकायचं. सहा-आठ आठवड्यांनी परत जाऊन झोप लागते का, कामावर जातात का बघायचं आणि गरज असेल त्यालाच पुढे डॉक्टरकडे न्यायचं.

आई, तुला वाटत असेल ही पोर दिवसभर इंग्रजी वाचत बसते. तसं नाही गं. काम सुरू होतं तायांच्या तक्रारीपासून. समजा एक ताई म्हणाली, "त्या आजोबांना विसरायला होतं, सून थकलीय, काय करू?" हा प्रश्न असाच शोधायला गेलं तर हजार पेपर निघतात आणि कामाचा एकही नाही. त्याचे चार तुकडे करावे लागतात. कोण? घरी राहणारा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आणि त्याला सांभाळणारी बाई. काय करणार? प्रशिक्षित कार्यकर्तीच्या घरभेटी. कशाच्या तुलनेत? नेहमीची ओपीडी. आणि काय बदलायला हवंय? इथे बहुतेक जण चुकतात. आजोबांची स्मरणशक्ती लिहितात, खरं तर बदलायला हवा असतो सुनेवरचा ताण.

मग आधी एकेकटा पेपर न बघता आढावे बघायचे, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासणारे, कॉक्रेन आणि कॅम्पबेल या संस्थांचे. मग भारतातलं काही आहे का. आपल्या विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर सापडतात, फुकट. पेपर पैशांच्या कुलपात असला तर लेखकाला चार ओळींची मेल टाकायची, बरेचसे आनंदाने पाठवतात. या प्रश्नाला तर गोव्यातलंच उत्तर मिळतं. २००८ मध्ये छापलेली, ८१ कुटुंबांवरची चाचणी. डॉक्टर नसलेल्या स्थानिक कार्यकर्त्या सहा महिने, किमान पंधरा दिवसांनी एकदा घरी जायच्या. माहिती द्यायच्या, रुग्णाला कसं हाताळायचं ते दाखवायच्या, सरकारी योजनांचं बघायच्या. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य सुधारलं, त्रास कमी झाला. रुग्णाच्या वागण्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. ही दुसरी ओळ तायांना पहिल्याच दिवशी सांगावी लागते, नाहीतर दोन महिन्यांनी आजोबा अजून तसेच आहेत म्हणून त्या भेटी बंद करतात.

वाचायचीही एक रीत आहे. प्रस्तावना सोडून द्यायची, ती नेहमी थोरच असते. थेट पद्धतीच्या भागावर जायचं: माणसं किती, कुठली, मधून किती गळाली, तुलना कुणाशी, मोजलं काय आणि किती दिवस. शंभरांतले चाळीस गळाले असतील तर उरलेले साठ बरे झाले याला फारसा अर्थ नाही, कारण त्रास झालेलेच आधी सोडून जातात. आणि टक्का दिसला की विचारायचं, कशाचा टक्का? व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचं पडणं २३ टक्क्यांनी कमी होतं, असं २०१९ चा कॉक्रेन आढावा सांगतो. तेच असं मांडा: १००० माणसांत वर्षभरात ८५० वेळा पडणं होत असेल, तर ते १९५ ने कमी होईल. ताईला दुसरं वाक्य कळतं, नगरसेवकालाही कळतं.

बाबा, हे सगळं परदेशातलं, पुण्यात कुठे चालणार, असं म्हणाल. तुमच्या आवडत्या बंग दाम्पत्याने गडचिरोलीत ३९ गावांत काय केलं ते आठवा. गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, शेजारच्या गावांशी तुलना ठेवली आणि १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलं: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. आज आशाताई बाळंतिणीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते ना, त्याची मुळं तिथे आहेत. तुलनेची गावं ठेवली नसती तर ते एक छान काम म्हणून राहिलं असतं.

बाहेरचं असं काही आपल्या वस्तीत बसवून घेण्यात खरी गंमत आणि खरी डोकेदुखी. न्यूझीलंडचा ओटागो नावाचा व्यायामक्रम आहे, ताकद आणि तोल यांचा, आठवड्यातून तीनदा अर्धा तास आणि वर चालणं. तो जनता वसाहतीत न्यायचा म्हणजे पर्वतीच्या उतारावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत. पायाला बांधायच्या वजनांऐवजी वाळूची पिशवी चालते. आधाराला ओट्याची कड चालते, प्लॅस्टिकची खुर्ची चालत नाही, ती सरकते. हे सगळं बदललं तरी हरकत नाही. बदलायचा नाही तो गाभा: उभं राहून तोल सांभाळायचा आणि दर काही आठवड्यांनी तो थोडा अवघड करायचा. पण होतं काय, कुणी पडू नये म्हणून कार्यकर्त्या सगळ्यांना सतरंजीवर बसवून हात वर-खाली करायला लावतात. गाणी होतात, फोटो छान येतो, तोल तसूभर सुधारत नाही. आणि देणगीदाराला हवी असते उपस्थिती. किती आले हे मोजलं जातं, किती पडले हे नाही.

मोजणं मी तुमच्याकडूनच शिकले, बाबा. मला ताप आला की कालनिर्णयच्या पानामागे तुम्ही रेघा मारून वेळ, ताप, औषध असे तीन रकाने आखायचात. पारा झटकून दिव्याखाली धरायचात, आणि औषध द्यायच्या आधीचा आकडा हवाच म्हणून आईला थांबवायचात. ती चिडायची, एका हाताने माझ्या कपाळावरची घडी बदलत. आमच्या तायांकडे आता तसाच एक कागद आहे: काम सुरू करण्याआधीचे तीन आकडे, मग दर पंधरा दिवसांनी एक. नैराश्याची नऊ प्रश्नांची यादी असते, शून्य ते सत्तावीस गुण, दहा किंवा जास्त झाले की डॉक्टरांना दाखवायचं. ती सासूसमोर भरून घेतली की सगळी शून्यं येतात, म्हणून नळावर किंवा बालवाडीच्या पायरीवर. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा. तिथे शून्याशिवाय काहीही आलं तर ताईने त्या घरातून तसंच निघायचं नाही, आधी सुपरवायझरला फोन.

आता तुमच्याकडे येते, आणि रागवू नका. काकू पडल्या त्या वेळचं मी उगाळत नाही, पण तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

२०१० मध्ये ऑस्ट्रेलियातली एक चाचणी छापून आली. ६०६ वयस्क माणसं, सगळी बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचं आणि जवळचं) चष्मेवाली, पडण्याचा धोका असलेली. निम्म्यांना घराबाहेर वापरायला फक्त लांबचं दिसणारा साधा चष्मा दिला, कारण बायफोकलच्या खालच्या भागातून पायरीची कड धूसर दिसते. जे नेमाने बाहेर हिंडतात त्यांचं पडणं कमी झालं. जे फारसे घराबाहेर जात नाहीत, त्यांचं बाहेर गेल्यावर कोसळणं उलट वाढलं. एकच उपाय, एकच पेपर. म्हणून बाबा, तुम्ही रोज नदीपर्यंत जाता, तुम्हाला लांबचा वेगळा चष्मा करायचा आहे आणि तो फिरायला घालायचा आहे, खिशात ठेवायचा नाही. आई, तू देवळाखेरीज बाहेर जात नाहीस, तुझा आहे तोच राहू दे. त्यांचा झाला म्हणून माझाही, असं करू नकोस. माझी नोकरी म्हणजे एवढंच आहे, बाबा: पेपर एक, घर एक, आणि सल्ले दोन.

पुढचं मुकाट्याने करा. हात छातीवर ठेवून, भिंतीला टेकवलेल्या बिनहाताच्या खुर्चीतून, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते एकमेकांचं मोजा. बाबांच्या वयाला अकराच्या खाली आणि आईच्या वयाला दहाच्या खाली आलं तर मला खरं सांगा, वाढवून नको. मग खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन, वळून, परत येऊन बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर फिजिओथेरपिस्टकडे जायचंय, नंबर मी पाठवते. आई, न्हाणीघराबाहेरचं ते सुटं पायपुसणं तुझ्या हातचं आहे, मला ठाऊक आहे. ते पाटावर घाल, जमिनीवर नको. रात्री उठताना आधी मिनिटभर काठावर बसायचं. बाबांची झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही, पण "ही अजून लागते का" हे त्यांना विचारायचंच, आणि विचारलंत का हे मी विचारणार.

मी गणपतीत येतेय, तेव्हा भांडू. आईला चिरोटे करायला लावणार नाही, केलेस तर खाईन.

तुमची,
मनू

ता. क. शनिवारी प्लंबर येईल, पैसे देऊन झालेत, परत पाठवू नका. कमोडशेजारी आणि नळाजवळ दांडे बसवायचे आहेत. फरशीला चिकटणारे रबरी कपाचे दांडे तो दाखवेल, ते घ्यायचे नाहीत, भार पडला की निघतात. भिंतीत ड्रिल करूनच. उंची तो त्याच्या मापाने ठरवेल. आईला तिथे बसवून, तिचा हात सहज जाईल तिथे पेन्सिलने खूण करून द्या.