सहा वाजल्यानंतरच्या रांगेतून आभार

आदरणीय केंद्राध्यक्ष सर,

२० मे २०२४ ला ठाण्यात लोकसभेचं मतदान झालं, तेव्हा आमच्या शाळेतल्या केंद्रावर तुम्ही होतात. तुमचं नाव मला माहीत नाही. मत देऊन बाहेर पडले तेव्हा तुम्ही पुढच्या माणसांत गुंतला होतात, म्हणून आभार असे जाहीर मानते आहे.

रुग्णालयातली ड्युटी आटोपून मी पोहोचले तेव्हा रांग व्हरांड्यातून उतरून फाटकापर्यंत आली होती. उकाड्याने जीव नकोसा झालेला. त्यात मागे कुजबुज सुरू झाली: सहाला मशीन बंद होतं, आता थांबून काही उपयोग नाही. काही जण निघूनही गेले, त्याचं आजही वाईट वाटतं. माझ्या पुढच्या ताई कडेवरच्या मुलाला सावरत घड्याळ बघत होत्या.

सहा वाजता फाटक लागलं आणि तुम्ही चिठ्ठ्या घेऊन बाहेर आलात. रांगेच्या तोंडाशी न थांबता थेट शेवटच्या माणसाकडे गेलात. कॉलेजातला मुलगा होता तो. त्याच्या हातात १ नंबरची चिठ्ठी दिलीत आणि तिथून एकेकाला देत पुढे सरकलात. चतकोर कागद, त्यावर नंबर आणि तुमची सही. पुढची माणसं चिडली. आम्ही दुपारपासून उभे आणि पहिला नंबर त्याला? तुम्ही आवाज चढवला नाहीत. हा आत जायचा नंबर नाही, मागून नवीन कुणी घुसू नये म्हणून मोजणी शेवटून करतात, आत जाल ते रांगेनेच, असं समजावलंत. आणि सहाच्या आत जो रांगेत आला तो मत देऊनच जाणार, कितीही वाजू देत, हे रांगेच्या प्रत्येक वळणावर थांबून पुन्हा सांगितलंत. नियमच आहे तो. पण दमलेल्या माणसाला नियम कुणीतरी तोंडाने सांगावा लागतो, आणि तो सांगायला तुम्ही स्वतः फाटकापर्यंत आलात. त्या ताई थांबल्या त्या तुमच्या शब्दावर.

पायरीवर बसलेल्या आजोबांकडे तुमचंच लक्ष गेलं. चिठ्ठी त्यांच्या हातात देऊन तुम्ही पोलीसदादांना सांगितलंत, यांना आधी आत घ्या. त्यावर रांगेतलं कुणी एक अक्षर बोललं नाही.

माझी मावसबहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. तिने ही ड्युटी केली आहे, म्हणून तुमचा तो दिवस कसा गेला असेल याची मला कल्पना आहे. आदल्या दिवशी साहित्य घेऊन केंद्रावर यायचं, झोप मिळेल तेवढी. सातला मतदान सुरू व्हायचं म्हणून पहाटे साडेपाचला पक्षांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, म्हणजे मशीन तपासायला चाचणीचं मतदान, निदान पन्नास मतांचं. ती मतं पुसून, शून्य दाखवून, मशीन सील करून मग खरं मतदान. आणि शेवटचा मतदार गेला तरी सुटका नाही: ‘क्लोज’चं बटण, सतरा-सी या फॉर्मवर झालेल्या मतांचा हिशोब, त्याच्या प्रती प्रतिनिधींना, पुन्हा सील, मग मशीन जमा करायला जायचं. एवढं सगळं पुढे दिसत असताना घाईघाईत आवरतं घ्यावंसं कुणालाही वाटलं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत.

अंधार पडल्यावर माझी पाळी आली. पहिल्या टेबलावर नाव मोठ्याने वाचलं, दुसऱ्यावर शाई आणि सही, मग बटण. शेजारच्या यंत्राच्या काचेमागे, मत कुणाला गेलं ते दाखवणारी छापील चिठ्ठी सात सेकंद दिसली, लांब बीप वाजली. दिवसभर रुग्णांचं बघून आलेल्या मला ते फार मोठं वाटलं, सर.

त्याच वर्षी २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. तेव्हा आमच्या वॉर्डातल्या दिवसपाळीच्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं, साडेपाचला सुटलात तरी जा, सहाच्या आत रांगेत उभे राहा, चिठ्ठी मिळते. तिघी जणी तशाच धावत गेल्या आणि मत देऊन आल्या. त्यांचेही आभार यात धरा.

आपली कृतज्ञ,
ठाण्यातली एक मतदार