डब्ल्यूडीएम-२ इंजिने चालती ठेवावीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रेल्वेचे विद्युतीकरण पुढे सरकले तशी डब्ल्यूडीएम-२ जातीची डिझेल इंजिने एकेक करून भंगारात गेली. एका डिझेल शेडमध्ये फिटर म्हणून मी बत्तीस वर्षे याच इंजिनांवर काम केले. विद्युतीकरणाला माझा विरोध नाही. तेलाची आयात आणि धूर कमी होणे गरजेचेच आहे. तरीही गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत गेलो असता पेनसिल्व्हेनियातील स्क्रँटन गावी जे पाहिले, ते आपल्या वाचकांपुढे मांडावेसे वाटते.

तेथे डेलावेअर-लॅकावाना ही छोटी मालवाहू रेल्वे १९९३ पासून चालते. तिची बहुतेक इंजिने अल्को या अमेरिकन इंजिन-कंपनीची किंवा त्याच घराण्यातील माँट्रियलच्या कारखान्याची आहेत. अल्कोने इंजिने बांधणे १९६९ मध्येच थांबवले. म्हणजे यांतली कित्येक इंजिने साठीला टेकली आहेत, आणि आजही ती पोकोनो डोंगराचा चढ चढून तिथल्या पिठाच्या गिरणीला गहू पोचवतात. रुळांपासून दूर उभा होतो, तरी आवाजावरून मी इंजिन ओळखले. ते ओळखीचे असणारच, कारण तिथल्या सी-४२५ या अल्को जातीच्या आणि आपल्या डब्ल्यूडीएम-२ च्या पोटात अल्कोच्याच २५१ मालिकेचे सोळा सिलिंडरांचे, चार स्ट्रोकचे डिझेल यंत्र आहे. चालकाने नॉच, म्हणजे जोराची पायरी, वाढवला की टर्बो (हवा दाबून आत भरणारा पंखा) गती घेईपर्यंत तेल हवेच्या पुढे धावते आणि काळा धूर उसळतो. तो धूरही अगदी आपल्याकडच्यासारखाच होता.

अशी जुनी इंजिने तिथे टिकली, यामागे साधा व्यवहार आहे. मार्ग लहान, वेग कमी आणि चढ मोठा, अशा ठिकाणी कमी वेगात जोर लावणारे इंजिन उपयोगी पडते. त्यातून यांची यंत्रणा अशी की अनुभवी माणूस आवाज ऐकून आणि हात लावून दोष शोधू शकतो. अर्थात त्यासाठी सुटे भाग जपून ठेवावे लागतात आणि जाणत्या हातांखाली नवे हात तयार करावे लागतात.

आपल्याकडे ही इंजिने १९६२ मध्ये अमेरिकेतून आली, जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून पहिले देशी इंजिन बाहेर पडले, आणि पुढे अडीच हजारांहून अधिक डब्ल्यूडीएम-२ बांधली गेली. वाफेच्या इंजिनांनंतर देशाचा माल आणि माणसे ओढण्याचा मोठा भार त्यांनीच वाहिला. कोकण रेल्वेचे बोगदे २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण होईपर्यंत डिझेलच्याच आवाजाने घुमत होते. १८५५ सालची ‘फेअरी क्वीन’ दुरुस्त करून १९९७ पासून पर्यटकांसाठी धावू शकली, तर डिझेललाही तो मान मिळायला हवा. चौथऱ्यावर रंगवून उभे केलेले इंजिन फक्त दिसते. त्याचा पंप, गव्हर्नर (वेग सांभाळणारा भाग) आणि टर्बो कसे बोलतात, हे चालत्या इंजिनाशिवाय कोणालाही शिकवता येत नाही.

रेल्वे प्रशासनाला माझी विनंती आहे की, राज्यातील एखाद्या शेडमध्ये किमान दोन डब्ल्यूडीएम-२ सुट्या भागांच्या साठ्यासह चालत्या स्थितीत ठेवावीत, वर्षातून काही वेळा पुणे–मिरज मार्गावर त्यांना विशेष गाडी द्यावी आणि त्यांच्या देखभालीसाठी निवृत्त फिटरांना तरुणांसोबत बोलावावे. माझ्यासारखे अनेक जण मानधनाशिवायही येतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त डिझेल फिटर, पुणे