किल्ली हरवली नाही, चोरीला गेली : गृहमंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र एका किल्लीबद्दल आहे. पोलिसांच्या कागदावर तिची किंमत २०० रुपये लागली आहे आणि वर्कशॉपच्या कोटेशनवर १४,६०० रुपये. या दोन आकड्यांच्या मध्ये माझे मे महिन्यातले एकोणीस दिवस गेले.

मी नागपूरच्या इतवारीत तीस वर्षांपासून व्यापाऱ्यांच्या वह्या लिहितो. आकडा चुकला तर ताळा जमत नाही, तो त्याच दिवशी सापडतो. पण आकडा बरोबर आणि खातं चुकीचं असेल, तर ताळा जमतो, मालक खूश असतो आणि चूक वहीत गुपचूप बसून राहते. माझी चोरी अशीच दुसऱ्या खात्यात लिहिली जात होती.

झालं असं. आईला गुडघ्यासाठी धंतोलीच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिथली पार्किंगची दशा नागपूरच्या माणसाला सांगायला नको. दवाखान्यांच्या तळघरात गाड्यांऐवजी दुसरंच काहीतरी असतं आणि गाड्या गल्लीत. यशवंत स्टेडियमच्या अलीकडे एका गल्लीत कडुनिंबाखाली जागा मिळाली. दुपारचे साडेबारा, पारा ४४ च्या वर. आईची बॅग मागच्या सीटखाली सरकवून ठेवली, कारण फक्त तपासणीची फाईल दाखवायची होती आणि ती हातात होती. म्हणजे असं मला वाटलं. हातात नवी फाईल होती, जुनी बॅगेतच राहिली.

चाळीस मिनिटांनी परत आलो तर मागच्या दाराची काच जागेवर नव्हती. गाडीची काच घरच्या काचेसारखी फुटत नाही. साबुदाणा सांडावा तशी ती सगळ्या सीटवर पसरली होती, आणि दोन महिन्यांनी आजही बेल्टच्या खाचेतून एखादा दाणा निघतो. बॅग गेली. तिच्यात १,८०० रुपये, आईचा चष्मा, डबा, जुनी फाईल, गाडीचं आरसी कार्ड आणि गाडीची दुसरी किल्ली. दुसरी किल्ली बॅगेत कशाला, असं आपण विचाराल. बायकोनेही विचारलं. येताना गाडी पुतण्या चालवणार होता, म्हणून. माझा गाढवपणा मी आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं बोलायला मोकळा.

आईला ऑटोत बसवून घरी पाठवलं आणि मी ठाण्यात गेलो. ठाण्याचं नाव लिहीत नाही. तिथला माणूस वाईट नव्हता. त्याने आधी पाणी दिलं, खुर्ची दिली. रात्रभराच्या बंदोबस्तावरून आला होता, डोळे लाल. म्हणाला, “गाडी तर जवळच आहे नं तुमच्या? मग गेलं काय जी?” मी यादी सांगितली. तो म्हणाला, “गहाळ म्हणून लिहून देऊन राहिलो. दहा मिनिटांत सही-शिक्का घेऊन जा. डुप्लिकेट आरसीला तेवढं चालते. चोरी म्हटली की तपास आला, अन् तपास म्हटला की तुमच्याच चकरा.”

तो माझ्या भल्याचंच सांगत होता, हे मला पटतं. आरटीओत डुप्लिकेट आरसीसाठी नमुना २६ भरताना तो कागद खरंच पुरला असता. पण गहाळ म्हणजे माझ्या हातून हरवलं. आणि किल्ली माझ्या हातून हरवली, हे मी सही करून लिहून दिलं की पुढचं सगळं गणित बदलतं.

कसं, ते सांगतो. उद्या त्या किल्लीने कोणी माझी गाडीच नेली, तर विमा कंपनी पहिल्यांदा दोन्ही किल्ल्या मागते. ज्याच्याकडे एकच आहे, त्याला दुसरी कुठे गेली याचा कागद दाखवावा लागतो. कागदावर ‘चोरीला गेली’ असेल तर प्रश्न मिटतो. ‘हरवली’ असेल तर पॉलिसीतली ती अट पुढे येते : वाहन सुरक्षित ठेवण्यासाठी विमाधारकाने वाजवी ती सगळी काळजी घेतली पाहिजे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका ट्रकचं प्रकरण आलं होतं. चालक किल्ली तशीच ठेवून पत्ता विचारायला उतरला आणि ट्रक गेला. मालकाला न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम दिली, पण त्यासाठी त्याला दिल्लीपर्यंत जावं लागलं. मी इतवारीच्या पुढे फारसा जात नाही.

म्हणून मी ‘गहाळ’वर सही केली नाही आणि माझ्या चकरा सुरू झाल्या.

दुसऱ्या चकरेला हद्द निघाली. गल्लीची एक बाजू या ठाण्याची, कडुनिंबाची बाजू त्या ठाण्याची. महोदय, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्याने घ्यायची. झिरो एफआयआर म्हणतात ती हीच. मी हे मोबाइलवर दाखवलं, तर उत्तर आलं, “ते मोठ्या गुन्ह्यासाठी असते.” कलमात मोठा-लहान असा शब्द नाही.

तिसऱ्या चकरेला साहेब भेटले. त्यांनी मालाची किंमत काढायला सांगितली आणि इथे माझ्यातला हिशेबनीस जागा झाला. नव्या कायद्यात ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र आहे. म्हणजे एफआयआर नाही, फक्त एनसीची, म्हणजे अदखलपात्र नोंदीची पावती, आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास नाही. आता यादी बघा. रोख १,८००. चष्मा ९००, जुना म्हणून. डबा १५०. बॅग ३००. आरसी कार्ड, किंमत निरंक. फाईल, निरंक. किल्ली, २००. बेरीज ३,३५०.

मी म्हटलं, साहेब, २०० रुपयांत कपाटाची किल्ली येते. ही चिप असलेली आहे. ती चोराच्या हातात आहे म्हणजे मला चारही दारांची आणि स्टिअरिंगची लॉकं बदलावी लागतील, हे १४,६०० चं कोटेशन. ते म्हणाले, “कुलपं कुठे चोरीला गेली?” वाक्य बरोबर होतं. आकडा बरोबर, खातं चुकीचं.

चौथ्या चकरेला एनसीची पावती मिळाली. तीही मी घेतली, कारण निदान तिच्यावर ‘चोरी’ हा शब्द आहे.

या दिवसांत गाडीचं काय चाललं होतं, तेही ऐका. ‘पंचनामा होईपर्यंत काही हलवू नका,’ असं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पंचनामा झाला नाही. फुटक्या खिडकीला मी पुठ्ठा आणि दुधाच्या पिशव्या चिकटवल्या, पण नागपूरच्या मे महिन्यात चिकटपट्टीचा गोंद पातळ होतो. सकाळी लावलेली पट्टी दुपारी शेपटीसारखी लोंबत असे. नवतपा लागला त्या संध्याकाळी वावटळ आली आणि सीटवर धुळीचा थर बसला. रात्री गाडी भिंतीला नाक लावून, मागे स्कूटर आडवी उभी करून ठेवायची. रात्री दोनदा तरी उठून गॅलरीतून बघायचो. आई म्हणायची, “बाळंतिणीसारखा जागतो आहेस.”

विमा तर केंद्राचा विषय, मग हे गाऱ्हाणं गृहमंत्र्यांपुढे का? मलाही आधी वाटलं होतं की शिव्या विमा कंपनीला घालाव्या लागतील. पण पॉलिसी काढून नीट वाचली. घरफोडी आणि चोरी या जोखमी सर्वसमावेशक पॉलिसीत येतातच. काचेच्या भागांवर घसाराही धरत नाहीत. प्लॅस्टिक-रबरावर ५० टक्के धरतात, काचेवर शून्य. माझ्या काचेचं बिल ४,१०० रुपये. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १,००० रुपये, म्हणजे हातात ३,१००. आता दुसरी बाजू. मला चार वर्षांचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ४५ टक्के. यंदा क्लेम केला नाही तर पुढच्या नूतनीकरणाला ५० टक्के, केला तर शून्य. माझा बोनसआधीचा स्वतःच्या नुकसानीचा हप्ता ८,४०० रुपये आहे. ३,१०० घ्यायला जाऊन पुढच्या वर्षी ४,२०० घालवायचे आणि मग परत २० टक्क्यांपासून पायऱ्या चढायच्या. कोणताही शहाणा माणूस काच स्वखर्चाने बसवून घेतो. मीही घेतली.

बॅगेतल्या वस्तूंचं म्हणाल, तर साधी पॉलिसी गाडीचा आणि गाडीवरच्या जोडसामानाचा विमा उतरवते, तुमच्या डब्या-चष्म्याचा नाही. त्यासाठी वेगळा ॲड-ऑन, म्हणजे पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. किल्ली-कुलपांचा ॲड-ऑन मात्र होता. एजंटने गळ्यात मारलेला, पण होता, आणि त्यात बोनस जात नव्हता. सर्व्हेअर दुसऱ्याच दिवशी वर्कशॉपला आला, फोटो काढले, भला माणूस. एवढंच म्हणाला, “किल्ली चोरीची आहे, तर एफआयआर लागेल.” विमा नियामकाने जून २०२४ च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे की कागद नाहीत म्हणून दावा फेटाळायचा नाही. पण दाव्याशी थेट संबंध असलेले कागद मागता येतात, आणि चोरीच्या दाव्यात एफआयआर तसा कागद आहेच. माझ्याकडे एनसीची पावती, तीही सतराव्या दिवसाची. फाईल बंद झाली. १४,६०० मी भरले.

याहून मोठं नुकसान सोसलेले शहरात असतीलच. ज्याची गाडीच जाते, तो ‘अ समरी’साठी, म्हणजे गुन्हा खरा पण छडा लागला नाही या अहवालासाठी, महिनोन् महिने कोर्ट आणि ठाणं यांच्यात फिरतो. सर्वोच्च न्यायालयाने २४ जानेवारी २०२० रोजी, गुरशिंदर सिंग यांच्या प्रकरणात, गाडीमालकाच्या बाजूने चांगला निकाल दिला : चोरीची खबर पोलिसांना लगेच दिली असेल, तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्यावरून दावा नाकारता येणार नाही. पण बघा, तो सगळा निकाल उभा आहे तो वेळेवर नोंदलेल्या एफआयआरवर. ती खुंटीच हलली, तर कोट कशाला टांगायचा?

आणि या सगळ्यात एक गोष्ट बिनबोभाट होते. बोनससाठी लोक क्लेम करत नाहीत. क्लेम नाही म्हणून एफआयआरचा आग्रह धरत नाहीत. आग्रह नाही म्हणून ठाणं ‘गहाळ’ लिहून मोकळं होतं. मग कागदावर त्या गल्लीत चोरीच होत नाही. तिथल्या चहावाल्याने मला सांगितलं, “भाऊ, या महिन्यातली तुमची तिसरी.” आधीचे दोघं ठाण्यात गेले होते का, त्यालाही ठाऊक नव्हतं. गस्त कुठे घालायची, कॅमेरा कुठे वळवायचा, हे ज्या आकड्यांवरून ठरतं, त्यात ती गल्ली कोरी आहे.

मी दोनच गोष्टी मागतो. काच फोडून गाडीतून वस्तू गेली असेल तर ठाण्यात ‘गहाळ’चा कागद पुढे करायचाच नाही, असा लेखी आदेश. फुटलेली काच समोर असताना वस्तू आपोआप कशी हरवेल? दुसरी, किंमत धरण्याबद्दल. किल्ली, आरसी, कागदपत्रं यांची किंमत भंगाराच्या भावाने न लावता ती बदलायला येणाऱ्या खर्चाने लावावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहतुकीच्या साधनातून केलेली चोरी वेगळी धरली आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि पाच हजारांची ती अट तिथे नाही. घरची कार त्या शब्दांत बसते की नाही, यावर प्रत्येक ठाणं आपापलं मत देत बसण्यापेक्षा आपल्या खात्याने एकदा परिपत्रक काढावं.

पंचनामा लवकर होऊ शकतो, हे आम्ही पाहिलं आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीने अर्धं शहर धुऊन काढलं, तेव्हा महसूलची माणसं घरोघरी फिरून पंचनामे करत होती. तेव्हा कोणी मला म्हटलं नाही की सोफा गहाळ झाला.

जाता जाता एक सांगतो. आईची जुनी फाईल सापडली. पोलिसांना नाही. मोक्षधामजवळ नाग नदीच्या काठी भंगार वेचणाऱ्या एका पोराला ती मिळाली. फाईलवरच्या दवाखान्याच्या नंबरवर त्याने फोन लावला, दवाखान्याने मला लावला. कागद भिजून एकमेकांना चिकटले होते, पण एक्स-रे चांगले होते. मी त्याला शंभर रुपये दिले, तर म्हणाला, “चष्मा पण होता काका, पण त्याची एक काच फुटेल होती म्हून नाही आणला.” ही माहिती मी पाचव्या चकरेत ठाण्यात सांगितली. तपास नसल्यामुळे ती लिहून घ्यायला जागा नव्हती.

सोबत एनसीच्या पावतीची आणि वर्कशॉपच्या बिलाची झेरॉक्स जोडली आहे. पावतीवर किल्लीसमोरच्या आकड्याला मी लाल पेनाने गोल केला आहे.

आपला,
इतवारीतला एक हिशेबनीस
नागपूर