चि. मुक्तास पत्र

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या बायोप्सीचा अहवाल काल हाती आला आणि आज सकाळी गोखले रोडवरच्या आपल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे जाऊन मी तो ओळीओळीने समजून घेतला. फोनवर तू "कॅन्सर नाही ना?" एवढेच विचारत राहिलीस, म्हणून आधी त्याचेच उत्तर देते. तो कर्करोग नाही. तुझ्या छातीवरच्या आणि काखेतल्या गाठींना स्टीॲटोसिस्टोमा मल्टिप्लेक्स, म्हणजे त्वचेतल्या तैलग्रंथींशी संबंधित अनेक द्रवभरल्या गाठी, म्हणतात. हा आजार विरळ असला तरी सौम्य आहे आणि डॉक्टरांना तो एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे.

आजवर कोणी या गाठींना चरबीच्या म्हटले, तर कोणी मुरुमे समजून मलम दिले. नेहमी आढळणाऱ्या गाठीच्या मध्यभागी बहुधा एक काळसर छिद्र असते आणि ती फुटली की आतून पांढरट, दुर्गंधी लगदा येतो. तुझ्या एकाही गाठीला असे छिद्र नाही. बाईंनी बायोप्सीसाठी गाठ कापली तेव्हा कापसावर फिकट पिवळा, वितळलेल्या तुपासारखा द्रव उतरला, तो तूही पाहिलास. सूक्ष्मदर्शकाखाली गाठीचे पातळ, घड्या पडलेले आवरण दिसले आणि त्या आवरणातच चपट्या झालेल्या तैलग्रंथी आढळल्या. निदान पक्के झाले ते त्या ग्रंथींमुळे.

बाईंनी मला विचारलेल्या एका प्रश्नाचे मात्र नवल वाटले. तू जन्मलीस तेव्हा तुझ्या तोंडात दात होता का, आणि तुझी नखे कधी जाड झाली होती का, असे त्यांनी विचारले. केराटिन १७ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात बिघाड असला की काहींना नुसत्या गाठी येतात, तर काहींना जाड नखे आणि जन्मजात दात यांसह दुसरा आजार होतो. तुझ्या बाबतीत दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. घरात कोणाला मोठ्या आतड्यात पॉलिप (आतल्या अस्तरावरची मांसल वाढ) झाले होते का, हेही त्यांनी विचारले, कारण अंगावर अनेक गाठी येणाऱ्या एका वेगळ्या आनुवंशिक आजारात तसे होते. आपल्याकडे तसे कोणी नाही.

तुझ्या बाबांच्या छातीवर विशीपासून अशाच गाठी आहेत आणि त्यांनी त्यांची कधी फिकीर केली नाही. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला तर प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. उद्या तुझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली की मावशी-आत्या "कशाला सांगायचे" म्हणतील. माझे मत स्पष्ट आहे की हे लपवू नये. यात लाजण्यासारखे काहीही नाही आणि ज्याच्यासोबत संसार करायचा त्याला हे ठाऊक असलेच पाहिजे.

आता उपचारांविषयी. सगळ्या गाठी काढल्याच पाहिजेत असे मुळीच नाही. सुईने द्रव ओढला तर गाठ बसते, पण आवरण आतच राहिल्याने ती पुन्हा भरू शकते. त्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरचा छेद देऊन, द्रव काढून, चिमट्याने आवरणच ओढून घेणे बाईंना अधिक पसंत आहे. कार्बन डायऑक्साइड लेझरनेही असाच छेद देता येतो. छातीच्या मधोमध आणि खांद्यावर मात्र जखमेचे व्रण फुगून केलॉइड होण्याचा धोका असतो. गाठ गेली आणि तिच्या जागी तिच्याहून ठळक व्रण उरला तर काय मिळवले? म्हणून प्रथम काखेजवळच्या दोन-तीन गाठी काढाव्यात, व्रण कसा भरतो ते काही महिने पाहावे आणि मगच पुढचे ठरवावे, हा त्यांचा सल्ला मला पटला. निर्णय अर्थात तुझा आहे.

एखादी गाठ लाल होऊन ठणकू लागली तर ती पिळू नकोस, कारण आवरण आतल्या आत फुटले की दाह पसरतो आणि व्रण राहू शकतो. तशा वेळी डॉक्टर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देतात किंवा गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. ती काढायची असेल तर दाह ओसरल्यावरच काढतात. तुझ्या मैत्रिणीने सुचवलेल्या आयसोट्रेटिनॉइनच्या, म्हणजे तीव्र मुरुमांवरच्या, गोळ्या सुजलेल्या गाठींचा दाह कमी करू शकतात, जुन्या गाठी त्यांनी विरत नाहीत. शिवाय गरोदरपणात त्या घेतल्यास बाळात गंभीर व्यंग येऊ शकते, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय त्यांना हात लावू नकोस. काखेत घट्ट कपडे घासतात, तेव्हा सध्या सैल सुती कुर्ते घाल.

अहवालाची प्रत सोबत पाठवते आहे. बायोप्सीची स्लाइड आणि ब्लॉक (मेणात जपून ठेवलेला गाठीचा तुकडा) प्रयोगशाळेतून मागून घेऊन तुझ्या फाइलमध्ये ठेवते, म्हणजे तुला पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे झाले तर पुन्हा तुकडा काढावा लागणार नाही. काखेतल्या गाठी काढायच्या का, ते दोन दिवसांत कळव. त्याप्रमाणे मी बाईंची वेळ घेईन.

तुझी,
आई