सवलत 75 टक्के, पण गाडीत चढायचं कसं?

तालुक्यातील नागरिक, व्यापारी आणि नोकरीधंद्यानिमित्त बाहेर असलेल्या सर्व गाववाल्यांना सप्रेम नमस्कार.

एसटीच्या तिकिटात दिव्यांगांना 75 टक्के सवलत आहे, आणि तिची किंमत आम्ही जाणतो. पण ज्याला पायरीच चढता येत नाही त्याने ती घ्यायची कुठून? खेड्यापाड्यांत येणाऱ्या साध्या गाडीची पहिली पायरी जवळजवळ गुडघ्याला लागते. पोलिओने पाय अधू झालेला माणूस तिच्यावर पाठमोरा टेकतो, दांडा धरतो आणि हातांच्या जोरावर एकेक पायरी वर सरकतो. कंडक्टर घंटी न मारता थांबतो, खालून कुणीतरी कुबड्या आत देतं. हे झालं हातांत बळ असलेल्याचं. व्हीलचेअरवरच्या बाईला दोघा परक्यांनी उचलून आत न्यायचं म्हटलं, की ती घरीच राहते. त्यात गंमत अशी, की सवलतीसाठी लागणारं प्रमाणपत्र काढायचं तर तपासणीला बहुतेकदा जिल्हा रुग्णालयच गाठावं लागतं!

दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे, त्यात सुगम वाहतुकीचं कलमही आहे. मुंबई-पुण्यात रॅम्पच्या लो-फ्लोअर बस दिसतात. आपल्या फाट्यावर त्या कधी येतील याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. निवेदनं आम्ही देतोच आहोत, देत राहू.

तोवर आमच्या दिव्यांग प्रवासी साहाय्य समितीने दिव्यांगांची ने-आण करायला एक व्हॅन उभी करायचं ठरवलं आहे. गाडी एका हितचिंतकाने दिली. जुनी आहे, पण इंजिन चांगलं आहे. आता मागची सीट काढून दुमडता येणारा रॅम्प, व्हीलचेअर चार बाजूंनी जखडणारे पट्टे आणि बसणाऱ्यासाठी सीटबेल्ट एवढं काम आहे. इमारतीच्या रॅम्पला 1:12 चा उतार धरतात, म्हणजे फूटभर चढायला बारा फूट लांबी. व्हॅनला ते जमणार नाही. उतार थोडा उभा राहील, म्हणून ढकलायला एक माणूस कायम सोबत लागेल. केलेले बदल आरटीओत नोंदवावे लागतील. गाडी खासगी नंबरची असल्याने भाडं घेता येत नाही, आणि घ्यायचंही नाही. म्हणूनच हे आवाहन.

रॅम्प आणि पट्ट्यांची कोटेशनं कार्यालयातल्या फळ्यावर लावली आहेत, येऊन बघा. एकरकमी जमत नसेल तर महिन्याचं डिझेल वाटून घ्या, 200 रुपयेही चालतील. फॅब्रिकेशनवाल्यांनी मजुरी सोडली तरी मोठा भार हलका होईल. ग्रामपंचायतींना विनंती, की उत्पन्नातला दिव्यांगांसाठीचा 5 टक्के निधी मार्चअखेरीस घाईने वाटण्यापेक्षा त्यातून या कामाला काही देता येईल का, ते मासिक सभेत ठरवावं.

व्हीलचेअर मात्र कृपया देऊ नका. फोटो काढून वाटलेल्या बऱ्याच आहेत, घराघरांत त्यांवर कपडे वाळतात.

पैशाइतकीच माणसंही हवीत. परवानाधारक चालक, आठवड्यातला एखादा दिवस देणारे. आणि स्टँडवर थांबणारी दोन-चार कॉलेजची मुलं. अंध प्रवाशाला गाडी कोणत्या फलाटावर लागली ते सांगायचं, कर्णबधिराला ऐनवेळी झालेला बदल लिहून दाखवायचा, एवढंच काम आहे. मदत करताना हात धरून ओढू नका, आपला कोपर पुढे करा. बाकीचं आम्ही शिकवू.

देणगी चेकने किंवा रोख, समितीच्या कार्यालयात सकाळी 10 ते 1 या वेळेत. पावती घेतल्याशिवाय कुणालाही पैसे देऊ नयेत. गाडीची गरज असणाऱ्यांनी आपलं नाव, गाव आणि कुठे जायचं असतं ते आत्ताच नोंदवावं, म्हणजे फेऱ्या त्याप्रमाणे ठरवता येतील.

आपले नम्र,
दिव्यांग प्रवासी साहाय्य समितीचे सर्व सदस्य