उघड्यावरचे पाच वॅट

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. हौशी रेडिओचा परवाना हाती आला आणि तुला स्वतःचे कॉलसाइन, म्हणजे स्टेशनाचे ओळखचिन्ह, मिळाले, हे वाचून फार आनंद झाला. पत्राच्या उत्तरार्धात तू विचारले आहेस की शंभर वॅटची रिग, म्हणजे रेडिओ संच, घ्यावी, की थोडे थांबून तिच्यासोबत ॲम्प्लिफायरही घ्यावा. त्याचे उत्तर देण्याआधी तुझ्याच पत्रातील एका आकड्याकडे तुझे लक्ष वेधतो. उसना आणलेला रिसीव्हर घरी लावलास तेव्हा १४ मेगाहर्ट्झवर कोणीही प्रक्षेपण करत नसताना एस-मीटर, म्हणजे सिग्नलचे बळ दाखवणारा मीटर, एस-७ वर स्थिर होता, असे तू लिहिले आहेस. माझ्या मते तुझी खरी अडचण त्या एका वाक्यात आहे, आणि कितीही मोठा ॲम्प्लिफायर घेतलास तरी ती दूर होणार नाही.

तो एस-७ आकाशातून येत नाही. एलईडी दिव्यांमधील सर्किट, मोबाइलचे चार्जर, संगणकाचे स्विचिंग पॉवर सप्लाय आणि छतांवरील सौर पॅनेलांचे इन्व्हर्टर मिळून तो गोंगाट तयार करतात, आणि घरातील वायरिंग त्याच्यासाठी अँटेनाचे काम करते. हाच रिसीव्हर आणि एक साधी तार घेऊन तू वस्तीपासून दूर, विजेच्या तारांपासून लांब गेलास, तर त्याच बँडवर, म्हणजे फ्रीक्वेन्सीच्या पट्ट्यावर, मीटर साधारण एस-२ पर्यंत खाली येतो. एस-मीटरचे एक एकक म्हणजे ६ डेसिबेल, म्हणजे पाच एककांचा फरक ३० डेसिबेल झाला. शक्तीच्या भाषेत हे एक हजार पट होतात. घरी ऐकू येण्यासाठी ज्या स्टेशनाला हजार वॅट लावावे लागले असते, ते बाहेर तुला एका वॅटवर तितकेच स्पष्ट ऐकू येईल. मैदानात किंवा डोंगरावर कमी शक्तीने काम करणाऱ्यांचे लॉग, म्हणजे संपर्कांच्या नोंदी, इतक्या लांबच्या स्टेशनांनी का भरतात, याचे पहिले कारण हेच आहे: ते फार चांगले ऐकतात.

आता दुसरी बाजू. हौशी रेडिओत क्यूआरपी, म्हणजे कमी शक्तीचे काम, याचा अर्थ मोर्स संकेत, अर्थात सीडब्ल्यूसाठी ५ वॅट आणि एसएसबी या बोलण्याच्या पद्धतीतील आवाजासाठी शिखरमान १० वॅट, त्याहून अधिक नाही, ही सर्वसाधारण मान्यता आहे. ही मर्यादा प्रथमपासून अशी नव्हती. १९६१ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या क्यूआरपी एआरसीआय या क्लबने सुरुवातीला १०० वॅटची मर्यादा ठेवली होती. ५ वॅटचा दंडक नंतर रूढ झाला. १९७४ मध्ये रेव्हरंड जॉर्ज डॉब्स यांनी ब्रिटनमध्ये जी-क्यूआरपी क्लब सुरू केला, तेव्हा या छंदाला घरी बांधलेल्या छोट्या उपकरणांचे मोठे अधिष्ठान मिळाले. शंभर वॅटवरून पाच वॅटवर येण्याने आपण गमावतो ते १३ डेसिबेल, म्हणजे दोन एस-एककांहून किंचित अधिक. तुझा सिग्नल समोरच्याकडे शंभर वॅटवर एस-९ ने पोहोचत असेल, तर पाच वॅटवर तो एस-७ च्या जरा खाली पोहोचेल. ही घट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही, कारण तू शांत जागी गेल्याने समोरच्याच्या घरातील गोंगाट कमी होत नाही. तुला तो स्पष्ट ऐकू येतो आणि त्याला तू येत नाहीस, हा अनुभव तुला वारंवार येईल. बाहेरच्या कामातील सगळे कौशल्य या १३ डेसिबेलची भरपाई कुठून करायची, यातच आहे.

पहिली भरपाई सीडब्ल्यूने होते. एसएसबीला सुमारे २,४०० हर्ट्झ रुंदीचा फिल्टर लागतो, सीडब्ल्यूला ५०० हर्ट्झचा पुरतो, आणि फिल्टर अरुंद झाला की त्याच प्रमाणात गोंगाटही कमी आत येतो. एवढ्यानेच जवळजवळ ७ डेसिबेल मिळतात. त्यापुढे सरावलेला कान एकाच स्वराभोवतीचा अगदी निरुंद पट्टा वेगळा काढून ऐकतो, तो लाभ कोणत्याही मीटरवर दिसत नाही. मोर्स शिकायला वेळ लागेल याची तुला भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. तरीही माझा आग्रह आहे की रिगसाठी पैसे साठवत आहेस त्या महिन्यांत रोज थोडा वेळ मोर्स ऐकण्यासाठी काढ. ठिपके आणि रेघा मोजू नकोस, प्रत्येक अक्षर एक संपूर्ण लय म्हणून ओळखायला शीक.

दुसरी भरपाई अँटेनाची, आणि याबाबत मी सविस्तर लिहितो, कारण पैसे कमी आणि विचार अधिक लागणारी जागा हीच आहे. अर्ध्या तरंगलांबीच्या डायपोलची, म्हणजे मधून शक्ती दिलेल्या दोन बाजूंच्या तारेची, एकूण लांबी मीटरमध्ये काढायची असेल, तर १४२.५ ला मेगाहर्ट्झमधील फ्रीक्वेन्सीने भागायचे. १४.०६० मेगाहर्ट्झ ही २० मीटर, म्हणजे १४ मेगाहर्ट्झच्या, बँडवरील क्यूआरपी मंडळींची नेहमीची भेटीची जागा आहे. तिच्यासाठी तार १०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू ५.०७ मीटर येते. तारेवर इन्सुलेशन असल्यास प्रत्यक्षात लांबी काही टक्के कमी पुरते, म्हणून तार आधी थोडी लांबच कापावी आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे अँटेना रिगशी किती जुळली ते दाखवणारा आकडा, पाहत दोन्ही टोकांकडून सारखीच छाटत यावे. सहा मीटरच्या, फायबरग्लासच्या घडीच्या खांबावर मधला भाग चढवून दोन्ही बाजू उलट्या व्हीसारख्या खाली ताणल्या की काम भागते. प्रत्येक बाजूत जोडण्याची आणि सोडण्याची एक-दोन ठिकाणे ठेवलीस, तर हीच तार १० आणि ७ मेगाहर्ट्झवरही चालते: ७.०३० साठी प्रत्येक बाजू १०.१४ मीटर लागते, म्हणजे २० मीटर बँडच्या तारेच्या दुप्पट. अशा अँटेनाला ट्यूनर, म्हणजे ती रिगशी जुळवून घेणारे साधन, लागत नाही, आणि ट्यूनर नसला म्हणजे त्यात वाया जाणारी शक्तीही वाचते. पाच वॅटवर ही बचत मला मोलाची वाटते.

एका टोकाकडून शक्ती देण्याच्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेबद्दलही तू ऐकले असशील. तिच्या टोकाशी रोध हजारो ओहमच्या घरात असतो, म्हणून ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर लावून तो ५० ओहमजवळ आणतात. एकच झाड किंवा एकच खांब असेल तेथे ती फार सोयीची, आणि ७ मेगाहर्ट्झसाठी कापलेली तार १४ आणि २८ वरही चालते. मात्र तो ट्रान्सफॉर्मर चांगल्या फेराइट कोअरवर गुंडाळलेला असावा, नाहीतर शक्तीचा काही भाग कोअर तापवण्यातच जातो. फीडलाइनचेही, म्हणजे रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलचेही, असेच आहे. आरजी-१७४ ही बारीक कोॲक्स पिशवीत मावते म्हणून सगळे ती घेतात, पण १४ मेगाहर्ट्झवर तिच्या दहा मीटरमध्ये सुमारे सव्वा डेसिबेल हरवते. डोंगरावर पाच-सहा मीटरचा तुकडा पुरतो, तेवढाच न्यावा.

तिसरी भरपाई जागेची. जमिनीपासून उंचावर टांगलेली आडवी तार सिग्नल क्षितिजाच्या जवळच्या कोनात फेकते आणि खूप दूरच्या स्टेशनांसाठी तोच कोन लागतो. तार खाली असेल तर बराच सिग्नल सरळ वर जातो आणि जवळच्याच प्रदेशात परततो. सहा मीटरचा खांब सपाट जमिनीवर तुला फारसा कमी कोन देणार नाही. पण तोच खांब उताराच्या कडेला उभारलास, तर उताराच्या दिशेने जमीन दूर घसरत जाते आणि कोन आपोआप खाली येतो. म्हणून शिखरावर पोहोचल्यावर मी प्रथम उतार कोणत्या दिशेला आहे ते पाहतो आणि ज्या खंडाशी बोलायचे त्या बाजूची कडा निवडतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्याच्या काठावर मात्र उभी अँटेना लाव, कारण खारे पाणी इतके चांगले वाहक आहे की उभ्या तारेचा कमी कोनातील सिग्नल तेथे विलक्षण बळकट होतो. कमी शक्तीच्या माणसाला यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

चौथी भरपाई वेळेची. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, डी थर ७ मेगाहर्ट्झचा बराच सिग्नल शोषून घेतो, म्हणून भर दुपारी त्या बँडवर दूरच्या स्टेशनासाठी बसणे म्हणजे बॅटरी संपवणे. १४ मेगाहर्ट्झ दिवसभर उपयोगी, आणि सूर्योदय-सूर्यास्ताच्या आसपास सर्वच बँडवर डोळे उघडे ठेवावेत. सूर्यचक्राची सध्याची पंचविसावी फेरी डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि तिचा कळस २०२४ मध्ये येऊन गेला; तेव्हा २१ व २८ मेगाहर्ट्झवर पाच वॅटने जे सहज होई, ते येत्या काही वर्षांत हळूहळू अवघड होत जाईल. शनिवार-रविवारी स्पर्धांच्या गर्दीत पाच वॅट बुडून जातात. तेव्हा १० मेगाहर्ट्झवर जा, तेथे स्पर्धा घेत नाहीत.

बॅटरीबाबत थोडक्यात. लिथियम आयर्न फॉस्फेटची चार सेलची बॅटरी घे. तिचा व्होल्टेज १२.८ च्या आसपास जवळजवळ शेवटपर्यंत टिकतो, त्यामुळे रिगचे आउटपुट मध्येच ढासळत नाही. पाच वॅट बाहेर टाकताना अशा रिग साधारण दोन अँपिअर किंवा त्याहून कमी घेतात, ऐकताना त्याचा लहानसा अंश. ३ अँपिअर-तासांची बॅटरी एका सकाळीला पुरून उरते. रिग निवडताना वॅटच्या आकड्यापेक्षा ऐकतानाचा करंट बघ, कारण तू वेळेचा मोठा भाग ऐकण्यातच घालवणार आहेस.

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते. सुरुवातीला सीक्यू, म्हणजे कोणालाही उद्देशून दिलेली हाक, देत बसू नकोस. ज्यांचा सिग्नल मजबूत येतो त्यांना उत्तर दे. ज्याचा अँटेना तुझ्या दिशेला चांगला काम करतो, त्याच्याकडे तुझा सिग्नलही चांगला जाण्याचा संभव अधिक. त्याच्या स्वराशी आपला स्वर अचूक जुळव, कॉलसाइन एकदा, फार तर दोनदा दे आणि थांबून ऐक. आपले पाच वॅट कुठपर्यंत जातात हे पाहायचे असेल, तर रिव्हर्स बीकन नेटवर्कचा उपयोग होतो. जगभरातील स्वयंचलित रिसीव्हर मोर्समधील सीक्यू ओळखतात आणि तुझे कॉलसाइन कुठे किती डेसिबेलने ऐकू आले ते इंटरनेटवर दाखवतात. कोणाचेही उत्तर आले नाही तरी तार काम करते आहे की नाही, हे त्यावरून काही क्षणांत कळते. याहून टोकाचे उदाहरण डब्ल्यूएसपीआर या पद्धतीचे आहे. भौतिकशास्त्राचे १९९३ चे नोबेल मिळालेले जो टेलर यांनी २००८ मध्ये ती आणली. ती जवळजवळ दोन मिनिटे चालणारा, अवघ्या सहा हर्ट्झ रुंदीचा संदेश पाठवते, आणि वॅटच्या पाचव्या भागाने महासागर ओलांडते. तिच्यात संभाषण होत नाही, म्हणून मला ती मोजमापाचे साधन म्हणूनच आवडते.

एकट्याने बाहेर जाऊन उत्तरे कोण देणार, ही तुझी शंका रास्त आहे. त्यावरचा उत्तम उपाय म्हणजे समिट्स ऑन द एअर, अर्थात सोटा. २ मार्च २००२ रोजी सुरू झालेल्या या उपक्रमात शिखरावरून काम करणाऱ्याला ऐकण्यासाठी जगभर माणसे तयार बसलेली असतात, आणि तू दुबळा सिग्नल घेऊन येणार हे त्यांना आधीच ठाऊक असते. ते कान लावून तुला शोधतात. नियम थोडे आणि रास्त आहेत. शेवटची चढाई स्वतःच्या बळावर करायची, सामान स्वतः वाहायचे, इंधनावरचे जनरेटर चालत नाहीत, स्टेशन शिखरापासून उभ्या अंतरात साधारण २५ मीटरच्या आत असावे, आणि गुण मिळण्यासाठी निदान चार वेगळ्या स्टेशनांशी संपर्क व्हावा. चढ झेपत नसेल तेव्हा पार्क्स ऑन द एअर आहे, तेथे दहा संपर्क लागतात. मला स्वतःला सोटा अधिक भावते, कारण पाठीवर वाहायचे म्हटल्यावर माणूस प्रत्येक वस्तूची गरज स्वतःला विचारतो.

तीन गोष्टी मात्र कडक शब्दांत सांगतो. तार झाडावर टाकण्यापूर्वी आजूबाजूला विजेची लाइन नाही याची खात्री कर; तार फेकताना ती कुठवर उडेल याचा अंदाज कधीही पूर्ण खरा नसतो. ढगांचा गडगडाट दूरवर ऐकू आला किंवा रिसीव्हरमध्ये कडकडाट वाढू लागला, तर अँटेना लगेच सोडून खाली उतर, मग संपर्क अर्धा राहिला तरी चालेल. आणि ताणाच्या दोऱ्यांना भडक रंगाच्या चिंध्या बांध, कारण वाटेवरून जाणाऱ्याला बारीक तार दिसत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे: ॲम्प्लिफायरचा विचार सध्या बाजूला ठेव, पाच-दहा वॅटची, कमी करंटवर ऐकणारी रिग घे, आणि वाचलेल्या पैशातून खांब, तार, बॅटरी आणि मोर्स पाठवायची एक चांगली पॅडल घे. डायपोलचा मधला तुकडा आणि जोडण्या मी बनवून पाठवतो. तार तू काप, प्रत्येक बाजू सव्वापाच मीटर ठेवून सुरुवात कर, खांबावर चढव आणि १४.००० पासून १४.१०० पर्यंत प्रत्येक २० किलोहर्ट्झवर एसडब्ल्यूआर मोजून मला कळव. सर्वांत कमी आकडा कुठे पडतो ते पाहून किती छाटायचे ते मी लिहीन.

तुझा स्नेहांकित मित्र