साप कापला कुणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतील बरोक काळातल्या (सतराव्या शतकाच्या सुमारासच्या युरोपीय कलेतल्या) मरिया आणि बाळ येशूच्या चित्रांवरचा लेख आस्थेने वाचायला घेतला. इटालियन चित्रकार काराव्हाज्जोच्या १६०५-०६ मधील चित्रात मरिया साप चिरडते, असे लेखात म्हटले आहे. शेजारी छापलेले चित्र मात्र तिच्या गुडघ्यांपाशीच संपते. ना साप, ना पाऊल. उरलेल्या जागेत गाद्यांच्या सवलतीची जाहिरात आहे.

महोदय, आपण जो भाग कापलात, तेच खरे चित्र आहे. मरियेचे पाऊल सापाच्या डोक्यावर आणि तिच्या पावलावर बाळाचे इवलेसे पाऊल, ही केवळ मांडणी नव्हे. लॅटिन बायबलच्या प्रचलित पाठानुसार सापाचे, म्हणजे सैतानाचे, डोके ‘ती’ ठेचणार होती, आणि ‘ती’ म्हणजे मरिया, असे कॅथलिक मानत. प्रोटेस्टंटांचे म्हणणे असे की ठेचणारी ती नव्हे, तिची संतती. पाचव्या पायस पोपने १५६९ च्या फर्मानात, मरियेनेच पण आपल्या संततीच्या योगे, असा मेळ घातला आणि चित्रकाराने तो पावलावर पाऊल ठेवून दाखवला. लेखकाने हे सारे ‘पापावर विजय’ या दोन शब्दांत उरकले, ते एक वेळ चालले असते. निदान चित्र पाहून वाचकाला प्रश्न तरी पडला असता.

२०१४ साली रोमच्या बोर्गेसे संग्रहालयात मिळालेल्या दोन तासांपैकी पाऊण तास मी या एका चित्रापुढे घालवला, त्यावरून सौभाग्यवतींचे आजही ऐकून घेतो. झगा वर खोचून बाळाला बगलेत धरून वाकलेली मरिया, वेटोळे घालून उसळलेला साप, आणि हात जुळवून नुसती पाहत उभी असलेली सुरकुतलेली आजी, संत अ‍ॅना: तिघांच्याही नजरा खाली, त्या पावलांकडे. आपल्या पानावर ते तिघे गाद्यांकडे पाहत आहेत. ज्या चर्चसाठी ते काढले, त्या व्हॅटिकनच्या सेंट पीटर्समधूनही हे चित्र काही दिवसांतच हलवले गेले होते, पण निदान अखंड हलवले होते.

जाता जाता, चित्राखाली चित्रकाराचे नाव नुसते ‘मायकेलअँजेलो’ असे आहे. काराव्हाज्जोचे मूळ नाव मायकेलअँजेलो मेरिसी हे खरे. परंतु त्या नावाने वाचकाला आठवणारे सिस्टिन चॅपेलवाले गृहस्थ १५६४ मध्ये वारले आणि हा जन्मला १५७१ मध्ये.

पुढच्या रविवारी ते चित्र सापासकट छापावे, ही विनंती. जागा अपुरी पडल्यास गादी कापण्यास माझी हरकत नाही.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, सांगली